हॉटेलची शिकाऊ उमेदवारी : दौलताबाद-खुलताबादच्या मुलांसाठी एक वाट

छत्रपती संभाजीनगरहून (औरंगाबाद) वेरूळकडे जाणारी प्रत्येक गाडी दौलताबादच्या किल्ल्यावरून जाते. पर्यटक किल्ल्याच्या पायथ्याशी उतरतात, हंगाम असेल तर पेरू-सीताफळ घेतात, चहा पितात, घाट चढून खुलताबाद-वेरूळ पाहतात आणि संध्याकाळी मुक्कामाला शहरात परततात. पाहण्याची ठिकाणे आपल्या गावांत, पण मुक्कामाचा पैसा शहरातल्या हॉटेलांत, असा हा व्यवहार आहे. खोलीचे भाडे, रात्रीचे जेवण, सकाळचा नाश्ता, कपड्यांची धुलाई हे सारे तिकडे. दौलताबाद, कागजीपुरा, खुलताबाद येथील आपल्या मुलांच्या वाट्याला त्यातून येते ती बहुधा चहाची टपरी, रिक्षा किंवा ढाब्यावर टेबल पुसण्याचे काम.

हॉटेल व्यवसायात शिरण्याचा एक रीतसर मार्ग सरकारी कायद्यात आहे आणि आपल्या समाजात तो फार थोड्यांना ठाऊक आहे. तो म्हणजे शिकाऊ उमेदवारी, म्हणजेच अप्रेंटिसशिप.

दोन मुले डोळ्यांसमोर आणू या. दोघेही दहावी पास, दोघांचेही वय अठरा. एक जण रस्त्यावरील ढाब्यावर लागतो. पहिल्याच महिन्यापासून त्याच्या हातात बरी रोख रक्कम येते, घरी आनंद होतो. दुसरा शहरातील हॉटेलात शिकाऊ उमेदवार म्हणून जातो. त्याला मिळणारे विद्यावेतन ढाब्याच्या मजुरीपेक्षा कमी असू शकते आणि त्यातलेही काही बसच्या भाड्यात जाते. पहिले वर्ष दुसऱ्या मुलाच्या अब्बांना जड जाते, हे मान्य केलेच पाहिजे. पण दोन वर्षांनी दोघेही पुण्याच्या किंवा मुंबईच्या हॉटेलात काम मागायला गेले तर चित्र पालटते. ढाब्यावरच्या मुलाला तंदूर उत्तम येत असेल, परंतु ते सांगणारा कागद त्याच्याजवळ नाही. त्याला पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागते. दुसऱ्याजवळ परीक्षा देऊन मिळविलेले राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र असते आणि कोणकोणत्या विभागांत किती दिवस काम केले याची नोंद असते.

आपल्या कारागिरांना ही गोष्ट नवी वाटू नये. कागजीपुऱ्यात हाताने कागद बनविण्याचा हुन्नर पिढ्यानपिढ्या उस्तादाकडून शागिर्दाकडे आला. हिमरूचे विणकाम तसेच आले. नान-खलिया शिजविणाऱ्या बावर्चीने तो कोणत्याही पुस्तकातून शिकलेला नाही. शिकाऊ उमेदवारी ही उस्ताद-शागिर्दीच आहे. फरक इतकाच की येथे उस्ताद आणि शागीर्द यांच्यामध्ये एक लेखी करार असतो व त्याची नोंद सरकारकडे होते. व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला नवी नाही. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे आणि ती कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. असे असूनही मुलाला कामावर ठेवताना आपण जबानी शब्दावर भागवतो.

करारात काय असते

शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ सालचा आहे. त्यात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या, त्यांपैकी २०१४ ची मोठी होती. २०१९ साली नियम बदलून असे ठरले की तीस किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या प्रत्येक आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. मोठे हॉटेल या नियमात सहज येते. म्हणजे आपण तेथे जातो ते मेहेरबानी मागायला जात नाही. उमेदवार घेणे हे हॉटेलचेही कायदेशीर कर्तव्य आहे. ही जाणीव ठेवून, पण नम्रतेने बोलावे.

विद्यावेतनाचे किमान दर २०१९ च्या नियमांनी शिक्षणाप्रमाणे ठरविले. पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना ५,००० रुपये, दहावी पास असेल तर ६,०००, बारावी पास किंवा आयटीआय प्रमाणपत्रधारकाला ७,०००, पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला ९,०००. दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के व तिसऱ्या वर्षी पंधरा टक्के वाढ. हे दर सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून सही करण्याच्या दिवशी चालू दर विचारून घ्यावा. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत या विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकारने उचलण्याची तरतूद झाली. विद्यावेतन बँकेत जमा होते. त्यामुळे मुलाच्या स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले खाते आधी उघडावे. चाचांच्या किंवा मोठ्या भावाच्या खात्यावर काम भागत नाही.

आता करारातल्या अशा बाबी, ज्या वाचल्यावाचून सही करू नये.

पहिली गोष्ट, शिकाऊ उमेदवार हा कायद्याच्या दृष्टीने कामगार नसतो. त्याला भविष्यनिर्वाह निधी लागू होत नाही. उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधनही हॉटेलवर नसते. तशी अट करारातच लिहिली असेल तर गोष्ट वेगळी. ‘वर्षभर कर, मग तुला पर्मनंट करतो’ हे तोंडी आश्वासन कोणी दिले तर ते करारात लिहून मागावे. लिहायला तयार नसेल तर त्या आश्वासनाची किंमत शून्य समजून मग निर्णय घ्यावा.

दुसरी गोष्ट उलट बाजूची. कराराची मुदत संपण्याआधी उमेदवार सबळ कारणाशिवाय सोडून गेला तर त्याच्याकडून प्रशिक्षणाचा खर्च वसूल होऊ शकतो. आपली मुले ईदनंतर घरी राहिली की परत जात नाहीत, असे अनेकदा ऐकायला मिळते. येथे तसे केल्यास पैसाही जातो आणि प्रमाणपत्रही. हॉटेलने करार मोडला तर मात्र भरपाई त्याने द्यायची असते.

कामाचे तास हॉटेल ठरवते, परंतु शिकाऊ उमेदवाराला ओव्हरटाइमला लावायचे तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची परवानगी लागते. लग्नसराईत सगळीकडे ओढाताण असते. एखाद-दुसऱ्या रात्री मदत करणे वेगळे आणि रोज चौदा तास राबणे वेगळे. कामावर अपघात झाल्यास नुकसानभरपाईचा हक्क उमेदवाराला आहे. भटारखान्यात भाजणे, कापणे, ओल्या फरशीवर घसरणे हे नेहमीचे, तेव्हा हा हक्क लक्षात असू द्या.

कायद्याने किमान वय चौदा आहे. पण पाळीचे काम आणि रात्रीची ये-जा पाहता अठरा पूर्ण झाल्यावरच मुलाला पाठवावे, असे आमचे मत आहे. अठराच्या आतील मुलाच्या करारावर पालकाची सही लागते.

नोंदणी केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर होते. ज्यांना संगणकाचे जमत नाही त्यांनी शासकीय आयटीआयमध्ये जाऊन ‘मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्रा’ची चौकशी करावी, उमेदवारीचे काम या केंद्रांकडे असते. नोंदणीला उमेदवाराकडून पैसे घेतले जात नाहीत. कोणी ‘हॉटेलात लावून देतो’ म्हणून हजारो रुपये मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

काय शिकायला मिळते

हॉटेलचे काम मुख्यतः चार भागांत विभागलेले असते : भटारखाना, जेवण वाढण्याचा विभाग, खोल्यांची निगा म्हणजे हाउसकीपिंग, आणि पाहुण्यांची नोंद घेणारे फ्रंट ऑफिस. उमेदवारीच्या ट्रेडची नावेही जवळपास तशीच आहेत : फूड प्रॉडक्शन जनरल, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस असिस्टंट, हाउसकीपर, फ्रंट ऑफिस असिस्टंट. बेकर अँड कन्फेक्शनर हा आणखी एक ट्रेड आहे. यांतले काही एक वर्षाच्या अभ्यासक्रमाने आयटीआयमध्ये शिकून मग उमेदवारीला जाता येते. तसे केल्यास विद्यावेतनही वरच्या दराने मिळते.

बावर्चीच्या घरातल्या मुलाला वाटते, मला स्वयंपाक येतो, मला काय शिकवणार? हात तयार असतो हे खरे. पाचशे माणसांच्या दावतीची डेग उतरविणे हे कॉलेजात शिकलेल्या अनेकांना जमणार नाही. पण आपला स्वयंपाक अंदाजाने चालतो आणि हॉटेलचा वजनाने. हा फरक एका हिशेबाने सांगतो.

समजा मटणाचा भाव किलोला ८०० रुपये आहे आणि एका प्लेटला २०० ग्रॅम मटण लागते. अंदाजाने चालणारा म्हणेल, प्लेटला मटण १६० रुपयांचे. आता दहा किलो मटण आणले, ८,००० रुपये दिले. चरबी, पडदे, नको ती हाडे काढल्यावर उरले साडेआठ किलो. म्हणजे वापरण्याजोग्या मटणाचा खरा भाव किलोला सुमारे ९४१ रुपये आणि प्लेटला सुमारे १८८ रुपये. फरक प्लेटमागे २८ रुपयांचा. दिवसाला पन्नास प्लेटा गेल्या तर १,४०० रुपये, महिन्याला ४२,००० रुपये. गल्ल्यात गर्दी असूनही हॉटेल तोट्यात का गेले, हे ज्यांना कळत नाही त्यांनी आपला मटणाचा हिशेब असा मांडून पाहावा. भटारखान्यातला उमेदवार हे वर्षभर रोज पाहतो. कोणत्या पदार्थाला किती ग्रॅम काय लागते याचा तक्ता तेथे लिहिलेला असतो आणि मुख्य शेफ रजेवर गेला तरी चव बदलत नाही.

स्वच्छतेचे नियमही असेच अंगवळणी पडतात. कच्च्या मांसाचा कापण्याचा पाट लाल, मासळीचा निळा, भाजीचा हिरवा. एकाचा दुसऱ्याला लावायचा नाही. थंड ठेवायचे ते ५ अंश सेल्सिअसच्या खाली, गोठवायचे ते उणे १८ अंशांवर, गरम ठेवायचे ते ६० अंशांच्या वर. मधल्या उष्णतामानात जंतू भराभर वाढतात, म्हणून शिजलेली बिर्याणी तासन्‌तास कोमट ठेवणे धोक्याचे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा आहे आणि तो मोठ्या हॉटेलाइतकाच दर्ग्याजवळच्या खानावळीलाही लागू आहे.

भटारखान्यात बढतीची शिडी ठरलेली असते. कॉमीच्या तीन पायऱ्या, मग डेमी शेफ द पार्टी, शेफ द पार्टी, सू शेफ आणि शेवटी एक्झिक्युटिव्ह शेफ. सुरुवातीचे महिने कांदे सोलण्यात, भाजी निवडण्यात आणि फ्रिज पुसण्यात जातात. पुष्कळ मुले येथेच कंटाळून पळतात.

इम्तियाज कुरेशी यांचे उदाहरण द्यावेसे वाटते. लखनौच्या स्वयंपाकी घराण्यात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच आपल्या चाचांच्या हाताखाली भटारखान्यात शिकायला लागला. पुढे ते आयटीसीच्या हॉटेलांत गेले आणि दिल्लीच्या मौर्य हॉटेलात दमपुख्त पद्धतीचा, म्हणजे झाकणाला कणीक लावून मंद आचेवर शिजविण्याचा हुन्नर त्यांनी जगभरच्या पाहुण्यांसमोर मांडला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. डेगेच्या तोंडाला कणीक लावणारे आपल्या दौलताबाद-खुलताबादकडेही आहेत. त्यांच्या मुलांना मोठ्या भटारखान्याचे दार कोणी दाखविलेले नाही एवढेच.

बार, डुक्कर आणि नमाज

अनेक घरांत हा विषय येथेच थांबतो. ‘तिथे दारू असते, मुलगा बिघडेल.’ ही चिंता खोटी नाही आणि ती हसण्यावारी नेऊ नये. दारू पिणाऱ्याबरोबर ती पाजणारा आणि वाहून नेणाराही हदीसमध्ये दोषी धरला आहे. म्हणून जेथे बार आहे अशा हॉटेलात वाढण्याच्या विभागाची उमेदवारी घेऊ नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. त्या ट्रेडच्या अभ्यासक्रमातच मद्याचे पेले व बाटल्या येतात. नंतर ‘मी हे उचलणार नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

भटारखान्याचे तसे नाही, पण तेथेही काही हॉटेलांत डुकराचे मांस येते, काही परदेशी सॉसमध्ये वाईन पडते. मुलाखतीतच शेफला शांतपणे सांगावे की मी या वस्तू हाताळणार नाही व त्यांची चव घेणार नाही. बेकरी, तंदूर आणि हिंदुस्थानी स्वयंपाकाच्या विभागात हा प्रश्न सहसा कमी येतो, तेव्हा तेथेच नेमणूक मागावी. पूर्ण शाकाहारी हॉटेले आहेत, मद्य न देणारी हॉटेलेही आहेत; तेथेही उमेदवारी करता येते. हाउसकीपिंग, धुलाई विभाग, भांडार, हिशेब आणि फ्रंट ऑफिस ही कामे बारपासून दूर असतात. हाउसकीपिंगला आपल्याकडे हलके समजतात, ते चूक आहे. एका पाळीत बारा ते सोळा खोल्या ठरलेल्या दर्जाने तयार करणारा माणूस पुढे कोणत्याही इस्पितळात, विमानतळावर किंवा मोठ्या कार्यालयात निरीक्षक होऊ शकतो.

जुम्याबद्दल एक व्यवहारी गोष्ट. हॉटेलात शनिवार-रविवारी गर्दी असते आणि सर्वांनाच सुटी हवी असते ती रविवारची. अशा वेळी आपण होऊन शुक्रवारची साप्ताहिक सुटी मागितली तर ती बहुधा सहज मिळते, कारण त्यात हॉटेलचीही सोय होते. रमजानमध्ये तंदूरपुढे रोजा काढणे कठीण जाते. महिनाभर सकाळची पाळी मिळावी म्हणून शाबानमध्येच सांगून ठेवावे. आयत्या वेळी सांगितले तर तक्ता बदलता येत नाही.

पाहुणचार हा आपल्याला परका विषय नाही. हजरत इब्राहीम (अ.स.) यांनी अनोळखी पाहुण्यांपुढे भाजलेले वासरू ठेवल्याचा उल्लेख कुरआनात आहे. हे काम कमीपणाचे मानणाऱ्या आपल्या बुजुर्गांनी त्याचा विचार करावा.

पाळी आणि परतीचा प्रवास

दौलताबादहून शहर पंधरा किलोमीटरच्या आसपास, खुलताबाद त्याहून दूर. दुपारची पाळी रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि त्या वेळी घाटाकडे जाणारे वाहन मिळणे मुश्कील. करार करण्याआधी विचारावे : रात्री सोडण्याची गाडी आहे का, कुठपर्यंत? राहण्याची सोय आहे का? नसेल तर दोन-तीन मुलांनी मिळून शहरात खोली घ्यावी लागते आणि तो खर्च विद्यावेतनातून वजा करून मगच गणित मांडावे. बहुतेक मोठ्या हॉटेलांत ड्यूटीचे जेवण आणि गणवेश मिळतो, तेवढी बचत धरावी. मुलींसाठी दिवसाच्या पाळीचे फ्रंट ऑफिस, बेकरी, धुलाई व शिवण विभाग हे पर्याय आहेत. डोक्यावर रुमाल चालेल का, हेही आधीच विचारण्यात संकोच कसला?

ज्यांना परवडते आणि ज्यांची बारावी झाली आहे त्यांच्यासाठी शहरातच मोठी संस्था आहे. डॉ. रफीक झकेरिया यांच्या मौलाना आझाद एज्युकेशनल ट्रस्टने ताज समूहाच्या सहकार्याने १९८९ साली रौजा बाग येथे हॉटेल व्यवस्थापनाची संस्था काढली. इंग्लंडच्या हडर्सफील्ड विद्यापीठाच्या पदवीशी ती पुढे जोडली गेली. आपल्याच माणसांनी उभी केलेली ही संस्था देशातील नावाजलेल्यांत गणली जाते. मात्र तेथील विद्यार्थी हॉटेलात जे प्रशिक्षण घेतात ते अभ्यासक्रमाचा भाग असते. कायद्याची शिकाऊ उमेदवारी ती नव्हे. दोन्हींची गल्लत करून पुष्कळ पालक फीच्या आकड्याला घाबरतात आणि उमेदवारीचीही चौकशी सोडून देतात. गल्लीबोळांत निघालेल्या ‘सहा महिन्यांत हॉटेल मॅनेजमेंट, परदेशात नोकरी’ अशा पाट्यांपासून मात्र जपावे. आखाती देशांत जायचेच असेल तर प्रमाणपत्र व दोन-तीन वर्षांचा अनुभव जमवून, परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेल्या एजंटामार्फतच जावे. दहावी पास असल्याचा फायदा पासपोर्टच्या वेळीही होतो. त्याला परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरीचा शिक्का लागत नाही.

शेवटी दोन शब्द हॉटेल, खानावळ व बेकरी चालविणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांसाठी. चार ते एकोणतीस माणसे कामाला असलेल्या आस्थापनेवर उमेदवार घेण्याची सक्ती नाही, पण ती आपल्या मर्जीने घेऊ शकते. ज्यांच्याकडे पाच-सहा माणसे तंदूर, भट्टी आणि काउंटर सांभाळतात त्यांनी पोर्टलवर आपली नोंदणी करावी आणि आज ज्याला नुसता ‘पोऱ्या’ म्हणतात त्याला रीतसर उमेदवार करावे. त्यासाठी शिकवायला जाणता माणूस हवा, हजेरी व कामाची नोंदवही ठेवावी लागते आणि विद्यावेतन दरमहा बँकेतून द्यावे लागते. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो. त्याआधी, जून-जुलैमध्ये हे काम हाती घेतले तर गर्दी येईपर्यंत मुलाचा हात बसलेला असतो.